कुणी धोंडो घ्या!

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका बारशाआधी नाव ठरवायला व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. अटी पहिल्याच दिवशी जाहीर झाल्या. नाव लहान हवं, स्पेलिंगचा घोळ नको, अर्थ चांगला हवा आणि मुख्य म्हणजे ‘रेअर’ हवं. वर्गात एका हाकेला दोघांनी ओ देता कामा नये. दोन दिवसांत साठ-सत्तर नावं जमली. रियांश, कियांश, रेयांश, शिवांश, दिवांश... सगळी एकाच गिरणीतून दळून आल्यासारखी. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं: धोंडो.

हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे लागोपाठ उमटले. बाळाच्या आजीने मात्र गंभीरपणे लिहिलं, “शुभकार्यात थट्टा नको.”

थट्टा अर्धीच होती. अटी लावून बघा. दोन अक्षरं. अर्थ कळायला वेबसाइट उघडावी लागत नाही. आणि दुर्मीळ म्हणाल तर इतकं, की आज कुठल्याही बालवाडीच्या दारात उभं राहून ‘धोंडो’ अशी हाक मारली तर बहुधा एकही पोर मान वळवणार नाही. स्पेलिंगच्या अटीत ते नापास होतं, हे कबूल. रोमन लिपीतलं हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या माणसाने वाचलं की त्याचं काहीही होतं. पण बाकी सगळ्यांत पहिला नंबर. तरीही ग्रुपवर कुणाला ते क्षणभरही खरं वाटलं नाही, आणि ‘रेअर हवं’ म्हणणाऱ्यांना नेमकं काय हवं असतं याचा मी विचार करत बसलो. माझ्या आजोबांचं नाव धोंडीराम होतं.

त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. चौथा जगला तेव्हा आईबापांनी त्याला धोंडा म्हटलं. म्हणजे पाचवीला नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईला, वाटेवरच्या दृष्टीला, यमाला, सगळ्यांना एकदमच सांगून टाकलं की इथे उचलून नेण्यासारखं काही नाही, दगड पडलाय. त्या काळाचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला तर यात हसण्यासारखं फार उरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांतली दोनशेच्या आसपास मुलं पहिला वाढदिवस बघत नसत. देवी, गोवर, घटसर्प, पटकी. डॉक्टर तालुक्याला, तिथवर जायला बैलगाडी. आईबापांच्या हातात फुकट मिळणारं एकच औषध होतं, ते त्यांनी बाळाच्या कानात घातलं.

या औषधाचं एक अख्खं दुकान होतं. दगडू आणि दगडाबाई तर होतेच. कोंड्यावर लोळवला तो कोंडू. केरात ठेवून पुन्हा उचलला तो केरू, केरबा. उकिरड्यावर टाकल्यासारखं करून सुईणीने किंवा शेजारणीने ‘सापडलं गं बाई’ म्हणत परत आणून दिला तो उकिर्डा. कवडी घेऊन विकलेला कवडू. विदर्भात हे नाव म्हाताऱ्या माणसांत अजून भेटतं. देवापुढे किंवा पाच घरी पदर पसरून मिळवला तो भिकू, भिकाजी. नाक टोचून, मुलगी आहे असं भासवून वाढवला तो नथू. प्रत्येक नावामागे घरच्यांनी मिळून केलेलं एक छोटं नाटक होतं आणि त्याचा प्रेक्षक एकच, मृत्यू. ही काही एकट्या महाराष्ट्राची करामत नाही. बंगालात तीन कवड्यांना घेतलेला तिनकडी असे, तमिळ मुलखात कचऱ्यावरून आलेला कुप्पुस्वामी, उत्तरेत उकिरड्याचा घुरहू.

धोंडो मात्र या दुकानातला जरा वेगळा माल आहे, कारण त्याला दोन जन्मदाखले आहेत. दुसरा दाखला पंचांगाचा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकराएक दिवसांची जी तूट पडते ती भरून काढायला दर ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा घालतात. पोथीत तो अधिकमास, मलमास, पुरुषोत्तम मास. स्वयंपाकघरात तो धोंड्याचा महिना. या महिन्यात लग्न-मुंज नाही, पण जावयाची चंगळ: तेहतीस अनारसे, वर दिवा, आणि पुरण भरून केलेल्या धोंड्यांचं जेवण. कार्यं पुढे ढकलता येतात, बाळंतपण नाही. त्यामुळे या महिन्यात जन्मलेल्याचं नाव सरळ धोंडू पडे, मुलगी असली तर धोंडाबाई. एकाच गल्लीत दोन धोंडू असतील तर एक भीतीपोटी आणि एक पंचांगापोटी, असं सहज शक्य होतं.

तिसरा एक दाखला काही लोक मागाहून काढतात. ‘धोंडो म्हणजे मुळात धुंडिराज हो, काशीचा गणपती!’ धुंडिराज हे नाव खरंच आहे. दादासाहेब फाळक्यांचं पाळण्यातलं नाव तेच. एखाद्या घरी धुंडिराजाचा लाडाने धोंडो झालाही असेल. पण ज्या घाईने हे स्पष्टीकरण पुढे येतं ती घाई मला संशयास्पद वाटते. उघड्या दगडावर संस्कृतची शाल टाकण्याचा तो प्रकार आहे. खरं तर शालीची गरजच नव्हती. मराठी माणसाचा अर्धा देव्हारा धोंड्यांचाच आहे. शिवेवरचा म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, देवीचा तांदळा म्हणजे धोंडाच, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा अंगाला लिंबाचा पाला बांधून घरोघर फिरणाऱ्या पोरापुढे गाव ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणतं. ज्याच्याकडे पाणी मागायचं त्याच्या नावाची लाज कधीपासून वाटायला लागली?

मला वाटतं, याचं उत्तर ‘धोंडा’ या शब्दात सापडणार नाही. ते त्याच्या शेपटात आहे. ब्राह्मणाच्या घरी तो धोंडो. मिसरूड फुटली की धोंडोपंत. कुणब्या-मराठ्याच्या घरी धोंडी, धोंडिबा, धोंडीराम, धोंडजी. गावकुसाबाहेर धोंड्या. दगड तोच, पण त्याला ‘पंत’ लागलं की तो ओसरीवर बसतो, ‘बा’ लागलं की बांधावर, आणि ‘या’ लागलं की दाराबाहेर उभा राहतो. आईबापांनी नावात काय घातलं ही एक गोष्ट झाली आणि हाक मारणाऱ्याने त्यात काय घातलं ही अगदी दुसरी. आपण दुसऱ्या गोष्टीची शिक्षा पहिलीला दिली.

या नावाची माणसं काही कमी प्रतीची नव्हती, हे सांगायला नको, तरी सांगतो. बिठूरला दुसऱ्या बाजीरावाने दत्तक घेतलेले, १८५७ साली कानपुरात उभे राहिलेले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. त्याआधी, १८०० साली, आर्थर वेलस्ली नावाचा इंग्रज सेनापती महिनोन्‌महिने कर्नाटकात ज्याच्या मागे धावत होता तो धोंडिया वाघ. पुढे हाच सेनापती वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती संवादरूपात, आणि त्यात जोतीरावांना एकामागून एक प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं नाव आहे धोंडीबा. मला ती निवड फार आवडते. ज्याला जग ‘काय समजणार तुला, धोंड्या’ म्हणतं, त्यालाच फुल्यांनी प्रश्न विचारायला बसवलं.

आणि महर्षी कर्वे. धोंडो केशव कर्वे, जन्म १८५८. विधवेशी लग्न १८९३ साली, विधवांसाठी आश्रम १८९६ साली, महिला विद्यापीठ १९१६ साली, भारतरत्न १९५८ साली, म्हणजे वयाच्या शंभराव्या वर्षी. एखाद्या नावाला लोकप्रिय व्हायला याहून मोठा धनी काय मिळणार? नट, क्रिकेटपटू, पुढारी यांच्यावरून महाराष्ट्रात पोरांची नावं ठेवली गेली, पिढ्याच्या पिढ्या ठेवल्या गेल्या. कर्व्यांवरून रस्त्याचं नाव ठेवलं, नगराचं ठेवलं, संस्थांचं ठेवलं, आणि प्रत्येक वेळी त्यात ‘महर्षी’ आलं, ‘कर्वे’ आलं. ‘धोंडो’ शक्यतो आलं नाही. कुणी म्हणेल, टिळकांचंही ‘बाळ गंगाधर’ लोकमान्यामागे गेलंच की. गेलं. पण ते सांगताना कुणी घसा खाकरत नाही. (जाता जाता: या लग्नात नवरा धोंडोच राहिला, पण गोदूबाईंची मात्र आनंदीबाई झाली. केवढाही सुधारक असो, बायकोचं नाव बदलण्याची मुभा नवऱ्याकडेच. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तोही रागानेच लिहावा लागेल.)

आता त्या ‘या’ शेपटाकडे येऊ, कारण माझ्या सगळ्या युक्तिवादाची खरी परीक्षा तिथे आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत याचा श्लोक आहे. ब्राह्मणाचं मंगल असावं, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनाशी जोडलेलं, ‘शूद्रस्य तु जुगुप्सितम्’. शूद्राचं किळस यावी असं. म्हणजे कचरू, दगडू, धोंडू ही नावं काही घरांत मायेने आली आणि काही घरांत ती सोडून दुसरं ठेवायची मुभाच नव्हती. भरजरी नाव ठेवलं तर गाव ते वापरत नसे; पाळण्यातला गोविंद चावडीवर गोंद्या होई. दया पवारांचं कागदोपत्री नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’ या आत्मकथनात त्यांनी दगडू आणि दया पवार या दोघांना समोरासमोर आणलं. शहरातला लेखक आणि त्याच्या आत दडलेला गावातला पोरगा. या दोन नावांमधलं अंतर कापायला त्या माणसाला अर्धं आयुष्य लागलं होतं.

म्हणूनच १९५६च्या धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा अशी नावं एकदम उमलून आली, त्याला मी फॅशन म्हणणार नाही. तो हक्क वसूल करणं होतं. कुणी राजपत्रात जाहिरात देऊन ‘दगडू’चं ‘दिनेश’ केलं असेल तर त्याला ‘आपल्या मुळांपासून तुटलास’ असं सुनावण्याचा अधिकार मला नाही. ज्याच्या पाठीवर तो धोंडा होता त्याने तो उतरवला.

पण धोंडोपंतांच्या नातवंडांनी का उतरवला? धोंडीरामाच्या नातवंडांनी, म्हणजे आम्ही, का उतरवला? आमच्यावर तर कुणी नाव लादलं नव्हतं. आमच्याकडे ते जीव वाचवायला आलं होतं. आम्ही ते सोडलं कारण ते आता ‘त्यांच्यासारखं’ वाटायला लागलं. विनोदी नाटकात गडी धोंडू असतो, हिंदी पडद्यावर मराठी हमाल धोंडू असतो, आणि शहरात आलेल्या माणसाला आपण त्यातले नाही हे सिद्ध करायचं असतं. म्हणजे मनूचा श्लोक आम्ही न वाचताच पाळला. किळस मान्य केली, फक्त ती आपल्या घरातून हलवली.

तसं हे नाव मागे पडण्याचं दुसरं एक कारण आहे, आणि ते आनंदाचं आहे. ज्या भीतीतून धोंडू जन्मला ती भीती ओसरली. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. २०२० सालच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातला बालमृत्युदर हजारी १६ होता. आजोबांच्या जन्मवेळच्या आकड्याशी ताडून बघा. पोर जगणारच आहे याची खात्री झाल्यावर मृत्यूपुढे नाटक कशाला करायचं? धोंडू गेला तो लस टोचणाऱ्या नर्सबाईंमुळे, असं म्हणता आलं असतं तर मला या लेखाची गरज वाटली नसती. आजोबांच्या पिढीत ते नाव संपावं, हे मीही मान्य करतो. पण संपलेल्या गोष्टीची आठवण ठेवणं वेगळं आणि ती पुसून हात धुणं वेगळं.

इथे नेहमी ‘नकुशी’चा मुद्दा निघतो, आणि तो निघायलाच हवा. ऑक्टोबर २०११मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एक मोठं बारसं झालं. नकुशी, नकोशा, नकुसा अशी नावं असलेल्या अडीचशेहून जास्त मुलींना त्या दिवशी त्यांच्या पसंतीची नवी नावं मिळाली. चांगलं झालं. मग धोंडू-दगडूही त्याच टोपलीत टाकायचे का? मला वाटतं, नाही. वरवर बघितलं तर दोन्ही नावं कुरूप आहेत. आतून ती एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभी आहेत. धोंडू म्हणताना आईबाप खोटं बोलत होते. ‘आम्हाला याचं काही नाही’ असं जगाला सांगत होते, कारण तो त्यांना जिवापलीकडे हवा होता. नकुशी म्हणताना आईबाप खरं बोलत होते. तिसऱ्या-चौथ्या मुलीनंतर आता मुलगी नको, पुढचा मुलगा होऊ दे, हे त्या नावातून देवालाही कळवलं होतं आणि तिलाही. एकात मुलाला झाकलं आहे, दुसऱ्यात मुलीला उघडं टाकलं आहे. नाव कानाला कसं लागतं यावरूनच निवाडा करणाऱ्या माणसाला हा फरक कळणार नाही. त्याला दोन्हीकडे फक्त गावंढळपणा दिसेल.

आणि कानाला गोड लागणाऱ्या नावांचं तरी काय? ‘रियांश’चा अर्थ एका संकेतस्थळावर सूर्याचा पहिला किरण, दुसऱ्यावर विष्णूचा अंश. ‘अंश’ समजला, ‘रि’ कुठून आला हे विचारू नये. या नावांना शब्दकोशात घर नाही, पोथीत नाही, कुणाच्या आजी-पणजीत नाही. नवं नाव घडवायला माझी हरकत नाही. भाषेत नवं घडतच असतं आणि आज विचित्र वाटणारं उद्या रुळतं. हरकत आहे ती खोट्या दाखल्याला. अर्थ बनावट, प्राचीनता बनावट, आणि इतकी धडपड करून मिळवलेली दुर्मिळता तर सगळ्यात बनावट. रेअर हवं म्हणून सगळे एकाच दुकानात गेले की बाहेर पडताना सगळ्यांच्या अंगात एकच शर्ट असतो. आमच्या ग्रुपवरची साठ-सत्तर नावं एकापाठोपाठ वाचलीत तर माझं म्हणणं पटेल.

मधल्या काळात जुनी नावं परत आली नाहीत असं नाही. सई आली, रमा आली, जिजा आली, मुक्ता तर गेलीच नव्हती. पण परत कोण आलं ते बघा. वाड्यातली आली, संतमंडळींतली आली. शेतातली, गोठ्यातली, उकिरड्यावरची आली नाहीत. केरबा आला नाही, कवडू आला नाही. आणि उद्या समजा आला, तर आधी कुठे येईल? कोथरूडमधल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या घरी, जिथे त्या नावाने काही बिघडणार नाही. तिथला धोंडो ‘किती ऑथेंटिक’ ठरेल. त्याच दिवशी एखाद्या तांड्यावरचा किंवा वाडीवरचा धोंडू वसतिगृहात पोरांच्या थट्टेला कंटाळून घरी पळून गेलेला असेल. म्हणून, मी ग्रुपवर लिहिलं असलं तरी, बाळाचं नाव धोंडो ठेवा असा आग्रह मी कुणाला करणार नाही. ज्याला नाव मिरवायचं आहे त्याने आधी त्याची किंमत चुकवलेल्यांकडे बघावं.

माझं मागणं लहान आहे: आहेत ती नावं लपवू नका.

माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो. मराठीत आद्याक्षरं लिहायची आपली पद्धत मोठी निर्दय आहे. इंग्रजीत धोंडीरामचा नुसता ‘डी.’ होतो, त्यामागे दिनकर असेल, दत्तात्रय असेल, कुणाला पत्ता लागत नाही. मराठीत ‘धों.’ लिहावं लागतं, अनुस्वारासकट, आणि मग लपायला जागा नाही. वडील तालुक्याच्या शाळेत शिकायला गेले तेव्हा हजेरी घेताना गुरुजी त्यांच्या नावाच्या मध्यावर थांबायचे, वर्गाकडे बघायचे, मग उरलेलं नाव उच्चारायचे. तेवढ्या थांबण्यात वर्ग हसून घ्यायचा. वडिलांनी पुढे आयुष्यभर इंग्रजीतच सही केली. इंग्रजीचं प्रेम वगैरे काही नव्हतं. त्यांना तो ‘डी.’ हवा होता.

उलट काही माणसांनी तोच ‘धों.’ छातीवर बिल्ल्यासारखा लावला. र. धों. कर्वे: संततिनियमनाचा उच्चारही पाप होता तेव्हा ‘समाजस्वास्थ्य’ चालवणारा, खटले अंगावर घेणारा माणूस. ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर. ना. धों. महानोर: पळसखेड्याच्या शेतातून उठून कवितेत आलेले नामदेव धोंडो. महानोरांचं नाव घेताना कुणाला तो ‘धों.’ खटकला असेल असं मला वाटत नाही. रानातून आलेल्या कवीच्या नावात मध्येच एक दगड असणारच, इतका तो तिथे बसून गेला होता. आज मराठीत हे नाव जिवंत आहे ते असं, मध्यावर, बापाच्या जागी, एका अक्षरापुरतं. पुण्यात मात्र ‘दगडू’ पूर्ण उच्चारला जातो, आणि तोही ‘श्रीमंत’ या शब्दाला लागून. दगडूशेठ हलवायांच्या गणपतीपुढे रांगेत उभं राहताना दगडू या शब्दाचं कुणाला हसू येत नाही. म्हणजे हाक मारणाऱ्याने ठरवलं तर दगड सोन्याचाही होतो.

१ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत महाराष्ट्रात आता वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. फार उशिरा आलेला, फार चांगला नियम. पण तो शंभर वर्षांपूर्वी आला असता तर आपल्या मधल्या नावांत किती धोंडाबाई, दगडाबाई, भिकाबाई निघाल्या असत्या याचा विचार करून बघा. मराठवाड्यात निजामाविरुद्ध बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या बाईंचं नाव दगडाबाई शेळके होतं. त्यांच्या मुलानातवंडांच्या वयाच्या माणसांना ते मधलं नाव पूर्ण लिहायला आवडलं असतं, की त्यांनीही ‘डी.’ शोधला असता?

लपवलेली नावं परत शोधायची वेळ येते तेव्हा काय होतं, ते मात्र गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी पाहिलं. २०२३च्या शेवटी न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरी पणजोबा शोधले जाऊ लागले. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मला दिसलं ते एवढंच, की ज्या घरांनी ‘धोंडी’ हे नाव वंशावळीतून हळूच गाळलं होतं, तिथली पोरं भूमी अभिलेख कार्यालयात भिंगातून ‘धोंडी वलद राणू’, म्हणजे राणूचा मुलगा धोंडी, शोधत बसली होती. अशा घरात आजोबांचं खरं नाव काय होतं हे कुणाला माहीत नाही. आई म्हणते धोंडिबा, काका म्हणतो डी. आर., शाळेच्या दाखल्यावर धोंडू, आणि जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात कुणा कारकुनाने लिहिलेला धोंड्या. नाव जपलं असतं तर कागदही जुळले असते.

आमच्याही घरी तेच झालं. कारण जातीचं नव्हतं, जमिनीचं होतं. आजोबांच्या नावावरचं दोन एकर रान वारसांच्या नावे करायचं तर सातबाऱ्यावर धोंडी, जुन्या फेरफारात धोंडू आणि मृत्यूच्या दाखल्यावर धोंडीराम. तिघांची तीन माणसं होऊन बसलेली. वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. वडील आता ब्याऐंशीचे आहेत. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला: ‘धोंडी, धोंडू व धोंडीराम ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती माझे वडील होत.’ मग खाली सही केली. वकील म्हणाले, काका, बँकेत तुमची सही इंग्रजीत आहे ना, ही जुळणार नाही. वडिलांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यावर मराठीत सही होती आणि तिच्या मध्यावर, अनुस्वारासकट, ‘धों.’ होता.